फांदी मोजा, मग यंत्र निवडा

पानगळ सुरू झाली की शाळेच्या आवारात रोज सकाळी पाचोळ्याचा एक ढीग जमतो. पिंपळ, शिरीष, देशी बदाम, गुलमोहर अशी पाच-दहा मोठी झाडे असली तरी महिन्याभरात एक खोली भरेल एवढा पाला गोळा होतो. पुढे मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते आणि त्यात फांद्यांची भर पडते. या साऱ्याचे करायचे काय, या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे आगपेटीतली एक काडी.

हे उत्तर आता चालणार नाही. ओलसर पाला भडकून जळत नाही, तो धुमसतो. धुमसताना त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण धुरातून बाहेर पडतात. हे कण नाकातल्या केसांना अडत नाहीत, ते फुप्फुसाच्या अगदी आतल्या कोशांपर्यंत जातात. शाळेच्या आवारात हा धूर सर्वात जवळून कोण घेते, हे सांगायला नको. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ सालच्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असा कचरा जाळणाऱ्याकडून ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याकडून २५,००० रुपये वसूल करण्याचा आदेश दिला.

मग बरेच जण यंत्राकडे वळतात. पेट्रोल इंजिनावर चालणारी, फांद्या आणि पाला यांचे तुकडे करणारी यंत्रे बाजारात चिपर, श्रेडर किंवा दोन्ही मिळून चिपर-श्रेडर या नावाने मिळतात. परदेशी माहितीपत्रकात 'गॅसवर चालणारे' असे शब्द दिसले तर गोंधळू नये. अमेरिकेत गॅस म्हणजे गॅसोलीन, अर्थात आपले पेट्रोल. या पत्रकांत सर्वात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो अश्वशक्तीचा. यंत्र निवडताना तो आकडा सर्वात शेवटी पाहावा, असे आम्हाला वाटते. सुरुवात करायला हवी ती आपल्या आवारातल्या ढिगापासून. असे का, ते पाहू या.

तुकडे कशासाठी करायचे?

गुळाचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, तोच खडा फोडून टाकला तर पटकन विरघळतो. कारण आपल्याला ठाऊक आहे. तुकडे केल्याने पृष्ठफळ वाढते आणि विरघळण्याची क्रिया पृष्ठभागावरच होते. लाकूड कुजण्याचेही तसेच आहे. बुरशी आणि जिवाणू लाकडाच्या उघड्या पृष्ठभागावर काम करतात, तेथून हळूहळू आत शिरतात.

आता थोडे गणित करू. ५ सेंटिमीटर व्यासाची आणि १ मीटर लांबीची एक सरळ फांदी घ्या. तिचे पृष्ठफळ सुमारे १,६०० चौरस सेंटिमीटर भरते. तिच्या ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या केल्या तर २०० चकत्या होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ९,४०० चौरस सेंटिमीटर होईल, म्हणजे जवळजवळ सहापट. शिवाय अखंड फांदीचा बहुतेक पृष्ठभाग सालीचा असतो. साल हे झाडाचे चिलखत. बुरशीला ते सहज भेदता येत नाही. चकत्या केल्यावर उघडा पडणारा नवा पृष्ठभाग सगळा आतल्या लाकडाचा असतो.

हेच गणित पानाला लावून पाहा. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड असे एक चौकोनी पान कल्पा. दोन्ही बाजू आणि कडा धरून त्याचे पृष्ठफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर आहे. त्याचे एकेक सेंटिमीटरचे १०० चौकोनी तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ होते २०८ चौरस सेंटिमीटर. वाढ चार टक्केही नाही! पान मुळातच इतके पातळ असते की निसर्गाने ते आधीच 'बारीक करून' दिलेले आहे.

मग पाला बारीक करण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो वेगळ्या कारणांनी. पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि कापलेल्या कडांवर तो नसतो, त्यामुळे तेथून सूक्ष्मजीवांना आत जायला वाट मिळते. अखंड रुंद पाने एकावर एक बसून पुठ्ठ्यासारखा थर तयार करतात आणि मग खालच्या थरांना हवा-पाणी मिळत नाही. तुकडे केल्याने हा थर मोडतो आणि ढिगाचे आकारमानही कमी होते. मात्र एवढे साधण्यासाठी पेट्रोल जाळायलाच हवे असे नाही. पाला पायाखाली तुडवला, त्यावर शेणकाला शिंपडला आणि ओला ठेवला तरी काही महिन्यांत त्याचे खत होते.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. आपल्याकडे प्रामुख्याने पाला असेल तर यंत्रावाचून अडत नाही. यंत्राची खरी गरज आहे ती फांद्यांसाठी.

अडकित्ता आणि खलबत्ता

चिपर आणि श्रेडर ही दोन नावे बाजारात सरसकट वापरली जातात, पण त्यांच्या कामाची तत्त्वे निराळी आहेत.

चिपर म्हणजे यांत्रिक अडकित्ता. अडकित्त्यात सुपारी दोन कडांमध्ये सापडते आणि एक कड दुसरीजवळून सरकताना ती कापली जाते. चिपरमध्ये जड पोलादी तबकडीवर किंवा दंडगोलावर दोन ते चार धारदार पाती बसवलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फिरते पाते स्थिर पात्याजवळून जाताना फांदीची एक ढलपी कापून नेते. गावाकडच्या वाचकांना कडबाकुट्टी आठवेल. तिच्या मोठ्या चाकावरची पाती कडबा असाच कापतात. या दोन पात्यांमधली फट अगदी कमी लागते. ती वाढली, किंवा धार बोथट झाली, की फांदी कापली न जाता चिरडली जाते, तंतू लोंबू लागतात आणि इंजिन धापा टाकते.

श्रेडर म्हणजे खलबत्ता, किंवा आपला मिरच्या कुटण्याचा डंका. यात धारदार पात्यांऐवजी बोथट पोलादी हातोडे असतात. ते दांड्यावर सैल अडकवलेले असतात आणि दांडा फिरू लागला की बाहेरच्या बाजूला ताठ होतात. आत पडलेला पाला आणि काटक्या हे हातोडे ठोकून फोडतात. बाहेरच्या वाटेवर जाळी बसवलेली असते, तुकडे तिच्या भोकांतून जाण्याइतके लहान होईपर्यंत आतच फिरत राहतात. खडा किंवा खिळा आला तर सैल हातोडा मागे सरकतो, धारदार पाते मात्र तुटते. म्हणून जमिनीवरून झाडून आणलेला, मातीखडे मिसळलेला पाला श्रेडरच्या तोंडात टाकावा, चिपरच्या तोंडात नव्हे.

ज्या यंत्रावर दोन्ही नावे असतात त्याला बहुधा दोन तोंडे असतात. बाजूचे अरुंद तोंड फांद्यांचे आणि वरचे रुंद तोंड पाल्याचे. एकच तोंड असेल तर विक्रेत्याला झाकण उघडून आतले भाग दाखवायला सांगावे. पाती आहेत की हातोडे, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

मालाच्या स्वभावाकडेही लक्ष द्यायला हवे. ओला पाला जाळीची भोके लिंपून टाकतो. नारळाच्या झावळ्या आणि केळीचे सोट यांचे लांब तंतू दांड्याला गुंडाळले जातात. बांबू, गवत आणि उसाचे पाचट यांत सिलिका असते, म्हणजे एका अर्थाने त्यांत वाळूच असते, त्यामुळे पात्यांची धार लवकर जाते. कोकणातल्या शाळेला झावळ्यांसाठी लागणारे यंत्र आणि पुण्यातल्या शाळेला सुबाभळीच्या फांद्यांसाठी लागणारे यंत्र एकच असेल असे नाही.

जाडी दुप्पट, काम चौपट

फांदीचा व्यास दुप्पट झाला की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. अडीच सेंटिमीटर जाडीच्या फांदीचा छेद सुमारे ५ चौरस सेंटिमीटर, पाच सेंटिमीटरच्या फांदीचा २० आणि साडेसात सेंटिमीटरच्या फांदीचा ४४. म्हणजे एक इंचाऐवजी तीन इंचाची फांदी कापायची असेल तर प्रत्येक कापाला नऊपट लाकूड तोडावे लागते.

पदार्थ बारीक करायला किती ऊर्जा लागते याचा एक नियम ऑस्ट्रियन खाणतज्ज्ञ पीटर फॉन रिटिंगर यांनी १८६७ साली मांडला. लागणारी ऊर्जा ही नव्याने निर्माण झालेल्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते, असे तो सांगतो. हा नियम खनिजांसाठी होता. लाकूड तंतुमय असल्याने त्याला तो ढोबळ मानानेच लागू पडतो. तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. ढलपीची जाडी दुप्पट ठेवली तर काप निम्मे होतात आणि नवे पृष्ठफळही निम्मे होते, म्हणून पेट्रोलही कमी लागते. झाडाखाली आच्छादन म्हणून पसरायचे असेल तर भुशासारखे बारीक करण्यात इंधन वाया घालवू नये.

लाकडातल्या ओलाव्याचाही यात मोठा वाटा आहे. ताज्या लाकडाच्या पेशीभित्ती पाण्याने भिजलेल्या असतात. लाकूड वाळू लागले की आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, तोवर लाकडाच्या बळकटीत फारसा फरक पडत नाही. ओलावा सुमारे २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशीभित्तीतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड कडक होत जाते. छाटलेली फांदी हिरवी असतानाच कापावी ती यासाठी. सहा महिने उन्हात वाळलेली बाभूळ तेच यंत्र अडवून ठेवू शकते.

तेव्हा खरेदीचा विचार करण्यापूर्वी एक साधे काम करा. मागच्या छाटणीतल्या फांद्यांची जाडी मोजा. विद्यार्थ्यांना व्हर्नियर कॅलिपर किंवा दोरी आणि पट्टी देऊन शंभर फांद्या मोजायला लावा आणि एकेक सेंटिमीटरच्या गटांत त्यांचा स्तंभालेख काढा. बहुतेक ठिकाणी दिसेल ते असे, की बारीक फांद्या पुष्कळ आणि जाड फांद्या मोजक्या. शंभरातल्या पाच जाड फांद्यांसाठी मोठे यंत्र घेणे व्यर्थ आहे. त्या करवतीने कापून सरपणाला द्याव्यात किंवा बागेत वाफ्याच्या कडेला लावाव्यात. उरलेल्या पंचाण्णव फांद्या ज्याला पेलतील ते यंत्र आपले.

अश्वशक्तीचा आकडा काय सांगतो?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. २०० घन सेंटिमीटरच्या आसपासचे एक सिलिंडरचे पेट्रोल इंजिन प्रत्यक्षात साधारण साडेपाच अश्वशक्ती, म्हणजे ४ किलोवॅटच्या जवळपास शक्ती देते. पण पत्रकातला आकडा यापेक्षा मोठा असू शकतो. याचे कारण मोजण्याच्या दोन पद्धती. इंजिनाला हवेचा गाळणीडबा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली शक्ती ही स्थूल शक्ती आणि हे सारे जोडून मोजलेली ती निव्वळ शक्ती. आपल्या उपयोगाची दुसरी. अमेरिकेत हिरवळ कापण्याच्या यंत्रांवरचे अश्वशक्तीचे आकडे फुगवलेले असल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या आणि २०१० साली त्यात तडजोड झाली. त्यानंतर अनेक उत्पादक अश्वशक्तीऐवजी इंजिनाचे आकारमान किंवा टॉर्क लिहू लागले.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. शक्तीला कोनीय वेगाने भागले की टॉर्क मिळतो. ४ किलोवॅट शक्ती आणि मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन, असे धरले तर टॉर्क येतो जेमतेम १२.७ न्यूटन-मीटर. तबकडीची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर तिच्या कडेवरच्या पात्यावर इंजिनाचा सततचा रेटा फक्त ८५ न्यूटन, म्हणजे सुमारे ९ किलो वजनाएवढा असतो. सुरीवर नऊ किलो वजन ठेवून पाच सेंटिमीटरची फांदी तुटेल का? मुळीच नाही. मग यंत्र ती कशी तोडते?

याचे उत्तर तबकडीच्या वजनात आहे. फिरणारी तबकडी हे एक जडचक्र म्हणजेच फ्लायव्हील असते. ती १२ किलोची धरली तर तिचे जडत्व आघूर्ण ०.१३५ किलोग्रॅम-मीटर वर्ग आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तिची गतिज ऊर्जा सुमारे ६,७०० ज्यूल होते. ६८ किलोचा माणूस १० मीटर उंचीवरून खाली पडला तर त्याला जेवढी ऊर्जा मिळेल तेवढी ही आहे. फांदी तोडताना तबकडीची गती २० टक्क्यांनी मंदावली असे समजा. ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तिच्यातली ३६ टक्के, म्हणजे २,४०० ज्यूल ऊर्जा कापण्यासाठी मिळते. हे सेकंदाच्या दहाव्या भागात घडले तर त्या क्षणापुरती शक्ती झाली २४ किलोवॅट, म्हणजे ३२ अश्वशक्ती! साडेपाच अश्वशक्तीच्या इंजिनाने ३२ अश्वशक्तीचे काम केले, पण ते आधी साठवलेल्या ऊर्जेतून. एवढी ऊर्जा पुन्हा भरून काढायला इंजिनाला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो.

यातून निवडीचे दोन निकष मिळतात. इंजिने सारखी असतील तर ज्याची तबकडी अधिक जड आणि अधिक व्यासाची ते यंत्र जाड फांदीला अधिक चांगले. तबकडीचे वजन पत्रकात नसेल तर विचारून घ्यावे. दुसरा निकष चालवण्याचा आहे. जाड फांदी एका दमात न रेटता थोडी आत द्यावी, इंजिनाचा आवाज खाली गेला की थांबावे आणि आवाज पूर्ववत झाला की पुन्हा द्यावी. कान हा येथे चांगला मापक ठरतो.

इंजिन आणि तबकडी यांमधली जोडणीही पाहावी. थेट जोडलेल्या यंत्रात फांदी अडकल्याचा धक्का सरळ इंजिनाच्या दांड्याला बसतो. पट्ट्याची जोडणी असेल तर पट्टा घसरतो आणि इंजिन वाचते. त्यात अपकेंद्री क्लच असेल तर आणखी सोय होते, कारण दोरी ओढून इंजिन सुरू करताना जड तबकडी हाताने फिरवावी लागत नाही.

पेट्रोल की वीज?

घरातल्या किंवा शाळेतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट मिळू शकतात. मोटर सुरू होताना काही पट अधिक प्रवाह खेचते, त्यामुळे व्यवहारात अशा सॉकेटवर ३ अश्वशक्तीच्या पुढे जाता येत नाही. त्याहून मोठ्या मोटरीला थ्री-फेज जोडणी लागते. शिवाय केबल लांब असेल तर व्होल्टेज उतरते आणि मोटर तापते. झाडे विजेच्या जोडणीपासून दूर असतील, फांद्या जाड असतील, तर पेट्रोल इंजिन सोयीचे ठरते. बारीक डहाळ्या आणि पाला एवढेच असेल आणि सॉकेट जवळ असेल तर विजेचे यंत्र स्वस्तात आणि धुरावाचून काम करते.

पेट्रोल इंजिनाची किंमत नीट समजून घ्यायला हवी. ४ किलोवॅटचे इंजिन पूर्ण भाराखाली तासाला दीड ते दोन लिटर पेट्रोल घेते आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, म्हणून हे यंत्र खोलीत, शेडमध्ये किंवा भिंतींच्या कोपऱ्यात कधीही चालवू नये. वर्षातून चार दिवस चालणाऱ्या यंत्राला आणखी एक अडचण येते. २०२५ पासून आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या धर्तीच्या रबरी भागांना ते मानवत नाही. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. यंत्र २० टक्के इथेनॉलला योग्य आहे का, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आवाजाचा हिशेबही करू. अशा यंत्राजवळ आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालू शकतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. तेव्हा कानांवर संरक्षक लागतातच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर १०० असेल तर ३२ मीटरवर ७० उरतो. शाळांभोवती जाहीर होणाऱ्या शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. म्हणजे वर्ग चालू असताना हे यंत्र लावता येणार नाही, ते सुट्टीच्या दिवशीच चालवायला हवे.

अर्धा मीटर आणि पाव सेकंद

सुट्टीचा दिवस निवडण्याचे याहून मोठे कारण आहे. दोन पाती असलेली तबकडी मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १०० काप होतात. प्रत्येक कापाला ५ मिलिमीटरची ढलपी निघाली तर फांदी सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आत ओढली जाते. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात फांदी बारा सेंटिमीटर आत गेलेली असते. डहाळीला बाही, ओढणी, बांगडी किंवा मोज्याचा सैल काठ अडकला असेल तर त्याबरोबर हातही तेवढाच आत जातो. सावध माणसालाही हे टाळता येत नाही, कारण येथे प्रश्न सावधपणाचा नसून मज्जासंस्थेच्या वेगाचा आहे. कडबाकुट्टीत बोटे गमावलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

म्हणून तोंडाच्या बाहेरच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर प्रौढ माणसाच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त असलेलेच यंत्र घ्यावे. दुकानात, इंजिन बंद असताना आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवलेली असताना, काठीने हे अंतर मोजता येते. बंद करण्याचे बटण चालवणाऱ्याच्या सहज हाताशी हवे. झाकण उघडले की इंजिन थांबेल अशी सोय असेल तर उत्तम. पात्याच्या टोकाचा वेग तासाला सुमारे १७० किलोमीटर असतो. तुकडे त्याच वेगाच्या आसपास उडू शकतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि बाहेर पडण्याच्या तोंडासमोर कोणी उभे राहता कामा नये. इंजिन बंद केल्यावरही तबकडीतले ते ६,७०० ज्यूल लगेच नाहीसे होत नाहीत, ती काही वेळ फिरतच राहते. अडकलेली फांदी काढण्यापूर्वी तबकडी पूर्ण थांबू द्यावी आणि स्पार्क प्लगची टोपी काढावी. फांदी आत ढकलायची ती लाकडी दांड्याने. दांडा कापला गेला तर दुसरा मिळतो.

विद्यार्थ्यांनी हे यंत्र चालवायचे नाही, त्यात काही टाकायचे नाही आणि चालू असताना जवळ उभेही राहायचे नाही. श्रमदानाच्या तासाला तर नाहीच. फांद्या मोजणे आणि खताच्या ढिगाचे तापमान घेणे ही त्यांची कामे. यात तडजोड करायची तयारी असेल त्या शाळेने यंत्र न घेतलेले बरे.

दुकानात जाण्यापूर्वी

आतापर्यंतचे मुद्दे प्रश्नांच्या रूपात मांडू.

१. आपल्या शंभर फांद्यांपैकी पंचाण्णव किती जाडीच्या आत आहेत? यंत्राची लिहिलेली क्षमता याहून थोडी अधिक हवी, कारण ती क्षमता बहुधा ताज्या, सरळ, मऊ लाकडासाठी दिलेली असते.
२. माल मुख्यतः फांद्यांचा आहे की पाल्याचा? यंत्राच्या आत पाती आहेत की हातोडे?
३. लिहिलेली अश्वशक्ती स्थूल की निव्वळ? तबकडीचे वजन आणि व्यास किती?
४. पाती उलटून दुसऱ्या बाजूने वापरता येतात का? धार लावून देणारा आणि सुटे भाग देणारा जवळ आहे का?
५. तोंडापासून पात्यापर्यंत अंतर किती?
६. वर्षात हे यंत्र किती तास चालेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा निर्णायक ठरते. समजा ते वर्षाला पंधरा तास आले. उरलेले सारे वर्ष यंत्र खोलीत गंजणार असेल तर परिसरातल्या चार-पाच शाळांनी आणि गृहसंस्थांनी मिळून एक यंत्र घ्यावे, किंवा छाटणीच्या वेळी माणसासह भाड्याने आणावे. चालवणारा माणूस रोज तेच काम करणारा असेल तर धोकाही कमी.

ढलप्यांचे पुढे काय?

यंत्रातून खत बाहेर पडत नाही, खताचा कच्चा माल पडतो. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० भागांस एक या प्रमाणात लागतात. ताज्या गवतात हे प्रमाण १५ ते २०, वाळलेल्या पाल्यात ४० ते ८० आणि लाकडाच्या ढलप्यांत काहीशे असते. नुसत्या ढलप्यांचा ढीग म्हणूनच महिनोन् महिने जसाच्या तसा राहतो. त्यात शेण, हिरवे गवत किंवा मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा मिसळावा आणि मूठ दाबल्यावर हाताला ओल लागेल पण पाणी ठिबकणार नाही इतका ओलावा ठेवावा. ताज्या ढलप्या मातीत मिसळू नयेत. त्या कुजताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. झाडाखाली पृष्ठभागावर पसरल्या तर मात्र त्या ओल टिकवतात आणि तण दाबतात.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. मच्छरदाणीच्या कापडाच्या बारा पिशव्या शिवा. चारमध्ये वाळलेली अखंड पाने, चारमध्ये कात्रीने कापलेली पाने आणि चारमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या फांदीच्या चकत्या, प्रत्येकी २० ग्रॅम भरा. सगळ्या पिशव्या एकाच वाफ्यात सारख्या खोलीवर पुरा आणि सारखे पाणी द्या. दर महिन्याला प्रत्येक प्रकारची एक पिशवी काढून, माती झटकून, उन्हात पूर्ण वाळवून वजन करा आणि आलेख काढा. अखंड आणि कापलेल्या पानांच्या रेषांत किती अंतर पडते ते आपल्या पृष्ठफळाच्या गणिताशी ताडून पाहा. ते अंतर अगदी थोडे निघाले, तर पाल्यासाठी पेट्रोल जाळावे की नाही याचा निर्णय विद्यार्थीच देतील, आणि तो मुख्याध्यापकांना पटवून देण्यासाठी त्यांच्या हाती आलेख असेल.